तोपोलात कोणी मरत नाही

"काय रे, विदिनमध्ये मरायचं बंद केलंत का तुम्ही?" मेतोदीने फोनवर विचारलं.

यावोरने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता. हात कीबोर्डवर होते. "का, तात्को?" त्याने वडिलांना विचारलं.

"आठवडा झाला, एक माणूस गेलेला नाही. रोज सकाळी उघडतो तुझं ते पान. वर लिहिलंय 'आपल्याला सोडून गेलेले', आणि खाली कोणी नाही. स्वच्छ."

"मग चांगलंच आहे की. जगू द्या लोकांना."

"जगू देत. पण जानेवारीत? जानेवारीत तर दरवर्षी रांग लागते. नवा डॉक्टर आलाय का कोणी?"

यावोर हसला. आई गेल्यापासून हिवाळ्यात म्हातारा घरात एकटा पडला की अशा काहीतरी गमती करायचा. चुलीत लाकडं आहेत ना, पाय कसा आहे, असं दोन-चार शब्द विचारून त्याने फोन ठेवला आणि पुढच्या कामाला लागला. नंतर कितीतरी वेळा त्याला वाटलं, तेव्हाच एक प्रश्न विचारला असता तर. पण गंमत समजून सोडून दिलेल्या गोष्टीला प्रश्न कोण विचारतं?

ते पान यावोरनेच बनवलेलं होतं. विदिनच्या बाजाररस्त्यावरच्या छापखान्यात निधनाचे कागद छापले जात. वर काळी चौकट, मध्ये फोटो, खाली नाव आणि चार ओळी. माणूस गेला की एकदा, चाळिसाव्या दिवशी, जीव घर सोडून वर जातो तेव्हा पुन्हा, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर आठवण ठेवणारं कोणी असेपर्यंत दरवर्षी. घराच्या दारावर, झाडाच्या बुंध्यावर, विजेच्या खांबावर ते चिकटवायचे. बसथांब्यावर बसची वेळ बघायची तर आधी चार गेलेल्या माणसांच्या नजरेला नजर द्यावी लागे. गावातली निम्मी मुलं स्पेन-जर्मनीला गेल्यावर छापखान्याच्या बाईने दिल्यानाला गाठलं. दिल्यानाची विदिनमध्ये वेबसाइट बनवायची लहानशी कंपनी होती, आणि त्या कंपनीत काम करणारा म्हणजे यावोर. "हे कागद तिकडे बसलेल्या मुलांना दिसतील असं काहीतरी करा," बाई म्हणाली, आणि यावोरने केलं. पुढे खेड्यांत कागदांचा गठ्ठा पोचवणारा बसवाला निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्याने ते काम घेतलं नाही. कोणी तक्रारही केली नाही, कारण यादी आता घरोघरी पडद्यावर होती. मेतोदीच्या तोपोलासारख्या गावात सकाळची कॉफी चुलीवर चढवायची आणि ती उकळेपर्यंत यादी वाचायची, असा रिवाजच पडून गेला. मेतोदी तर म्हणायचा, आपलं नाव नाही एवढं बघितलं की कॉफी गोड लागते.

पान नव्याने बांधायचं ठरलं ते नाताळाच्या आधी. विचार दिल्यानाचा होता, पण यावोरला तो मनापासून पटला होता. जुन्या ब्राउझरांनी त्याला वर्षानुवर्षं छळलं होतं. नव्यात जो फोटो चौकटीत नीट बसे, तो जुन्यात ताणून लांबोडका होई. काळी चौकट एका बाजूने गायबच होई. कुणाचं आडनाव तुटून शेजारच्या मृताच्या नावाला जाऊन चिकटे. एकदा तर एका जिवंत बाईच्या नावावर दुसऱ्याचा मृत्यू चढला आणि ती छत्री घेऊन ऑफिसात आली. त्यामुळे प्रत्येक जुन्या ब्राउझरसाठी वेगळं ठिगळ लावायचं, आणि एक ठिगळ लावलं की दुसरं उसवायचं. हे सगळं तपासायला ऑफिसच्या स्वयंपाकघरात एक जुनाट कॉम्प्युटर ठेवलेला होता.

"अजून किती वर्षं हे मढं खांद्यावर घेऊन फिरायचं?" दिल्याना म्हणाली. "जर्मन लोकांनी केव्हाच टाकून दिलंय. आपण काय इतिहास-संग्रहालय आहोत?"

"पण कोणी वापरत असेल तर?"

"काउंटर बघ ना."

काउंटर म्हणजे पानातच बसवलेला एक छोटासा प्रोग्रॅम. कोण आलं, कोणत्या ब्राउझरने आलं, ते तो कळवायचा. तिने पडदा त्याच्याकडे वळवला. जुन्या ब्राउझरच्या ओळीपुढे शून्य होतं.

"एक माणूस नाही. तू कोणासाठी रडतोयस?"

यावोरने ते शून्य बघितलं आणि खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटलं. त्याच दिवशी स्वयंपाकघरातला जुना कॉम्प्युटर बंद झाला आणि त्याच्यावर पावाचा डबा आला. नवं पान देखणं होतं. फोटो हळूच उमलत, नावाने शोधता येई, मेणबत्तीसुद्धा पेटवता येई. नव्या वर्षाच्या सुरुवातीला ते चालू झालं आणि मुलांचे परदेशातून कौतुकाचे निरोप आले.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी यावोरने पान उघडलं तर पहिलाच चेहरा ब्लागोयचा.

ब्लागोय आणि मेतोदी एकाच गल्लीत वाढले, एकाच फेरीबोटीवर इंजिन सांभाळत म्हातारे झाले. मग एका शरद ऋतूत गावच्या भट्टीवर, दहा माणसांसमोर, ब्लागोयने मेतोदीच्या राकियाचा, म्हणजे घरी गाळलेल्या प्लमच्या दारूचा, घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि म्हणाला, "प्लम थोडे, साखर फार." मेतोदीने पेला जमिनीवर ओतला आणि चालू लागला. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते. ब्लागोय पुढे बायकोबरोबर विदिनमध्ये फ्लॅटात राहायला आला, त्यामुळे न बोलणं आणखी सोपं झालं.

मिटायला वाट होती. उपवासापूर्वीच्या क्षमेच्या रविवारी लहानाने मोठ्याकडे जायचं, क्षमा मागायची, आणि मोठ्याने 'देव क्षमा करो' म्हणायचं. त्या दिवशी नाही म्हणता येत नाही. पण लहान कोण? दोघे एकाच वर्षी जन्मलेले. मेतोदी म्हणायचा, मी द्राक्षं काढताना झालो, तो बर्फात, म्हणून मी मोठा, त्याने यावं. ब्लागोय म्हणायचा, माझा बाप सैन्यात होता, नोंद उशिरा झाली, मी उन्हाळ्यातला आहे, येऊ दे मेतोदीला. दरवर्षी त्या रविवारी दोघे आपापल्या घरी हलवा मांडून, चांगला कोट घालून बसत आणि कोणीच येत नसे.

अंत्यविधीला यावोर गेला. चर्चमध्ये मागे उभा राहून तो दाराकडे बघत राहिला. बस होती, रस्ता मोकळा होता. तात्को आला नाही.

शवपेटीवर मूठभर माती टाकून झाल्यावर ब्लागोयची बायको वेनेता त्याच्याजवळ आली. लहानपणापासून तो तिला लेल्या, म्हणजे मावशी, म्हणायचा. "वडील?"

"त्यांना जरा बरं नाही, लेल्या वेनेता," यावोर खोटं बोलला. तिने मान हलवली. तिला ते खोटं वाटलं हे त्याला कळलं.

त्या दिवसापासून त्याच्या मनात वडिलांविषयी एक अढी बसली. एवढा हट्ट? शवपेटीपर्यंत? त्याने फोन कमी केले, गावी जाणं पुढे ढकललं. मेतोदी फोनवर हवेबद्दल बोलायचा, कोंबड्यांबद्दल बोलायचा, ब्लागोयचं नाव काढत नसे. यावोरही काढत नसे. एकदा म्हातारा म्हणाला, "अजून कोणी नाही रे गेलं. मी तर गावात सगळ्यांना सांगतो, यंदा मरण सुटीवर आहे." यावोरला ते फार दुष्ट वाटलं. "बरं," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

क्षमेच्या रविवारी दुपारी फोन वाजला.

"यावोर, मी ब्लागोयच्या दाराशी आहे. येतोस का?"

आवाज इतका बारीक होता की त्याने विचारलं, "तात्को, तुम्हीच बोलताय ना?"

"ये," मेतोदी म्हणाला.

इमारतीच्या दारासमोरच्या बाकावर मेतोदी बसला होता. अंगात चांगला कोट, मांडीवर हलव्याचा डबा, दुकानातल्या दोरीने बांधलेला. दाराच्या काचेवर ब्लागोयचे दोन कागद होते. एक उन्हाने पिवळा पडलेला. दुसरा ताजा, कडेने खळ अजून ओली: चाळीस दिवस. कालचीच तारीख.

"हा कागद चुकून लावलाय का रे कोणी?" मेतोदीने विचारलं. "तुझ्या पानावर तर नाही हा."

"आहे, तात्को. जानेवारीपासून आहे."

"नाही. मी रोज बघतो."

यावोरने खिशातून फोन काढला, पान उघडलं आणि त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याने फोन लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. ब्लागोय टोपी मागे सारून हसत होता. फेरीबोटीवरचाच फोटो होता, आणि कडेला कापलेला जो खांदा दिसत होता तो मेतोदीचा.

"हे तुझ्या फोनमध्ये आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे पांढरं आहे."

"पांढरं म्हणजे?"

"पांढरं म्हणजे पांढरं. वर नाव, खाली बर्फ."

तेव्हा यावोर बाकावर बसला. घरातला तो कॉम्प्युटर बहीण स्पेनला जाताना मागे ठेवून गेली होती आणि तो यावोरनेच जोडून दिला होता. त्याच्यावर नवा ब्राउझर बसतच नाही, हेही त्याला ठाऊक होतं. पूर्वी यादी तयार होऊन पानाबरोबरच येई. आता पान रिकामं येई आणि नवी भाषा जाणणारा ब्राउझर ते आल्यावर त्यात यादी भरून घेई. जुन्याला त्या भाषेतली एक अनोळखी खूण दिसली की तो पुढचं सगळं वाचणंच सोडून देतो. चूकही दाखवत नाही, आवाजही करत नाही. आणि काउंटर? गेल्या शरदात त्यांनी काउंटरही नवा घेतला होता, त्याच भाषेतला. जिथे यादी उघडत नव्हती, तिथे काउंटरही उघडत नव्हता. ते शून्य म्हणजे कोणी येत नव्हतं असं नव्हे. जे येत होते त्यांना हजेरी देता येत नव्हती. हे त्याच्या धंद्यातल्या कोणत्याही शिकाऊ माणसाला सुचायला हवं होतं.

"यंदा मीच यायचं ठरवलं होतं," मेतोदी सांगत होता. "म्हटलं, कोण मोठा, कोण लहान, आता दोघांचे दात तेवढेच राहिलेत. उन्हाळ्यातला तर उन्हाळ्यातला."

रस्त्यावरून वेनेता आली, डोक्याला काळा रुमाल, हातात चर्चमधून आणलेल्या पावाची पिशवी. ती थांबली.

"मेतोदी. बरं वाटतंय का आता?"

"मला काय झालंय?"

"तुझा मुलगा म्हणाला, आजारी आहेस."

मेतोदीने मुलाकडे बघितलं. यावोरने मान खाली घातली.

"मला कळलंच नाही, वेनेता."

"अख्ख्या विदिनला कळलं. ब्लागोयने मला सांगून ठेवलं होतं. म्हणाला, मेतोदीला फोन करू नकोस, तो कॉफीच्या आधी यादी वाचतो. यायचं असेल तर आपल्या पायाने येईल. म्हणून मी नाही केला."

"माझं पान पांढरं होतं."

"हो का," वेनेता म्हणाली. "माझ्या शेजारणीच्या नातवाने तर त्याच्यावर मेणबत्ती पेटवली."

यावोर उठून उभा राहिला. लोकांसमोर बोलायचं म्हटलं की त्याची जीभ जड होई. "लेल्या वेनेता, ते खरं बोलतायत. चूक माझी आहे. आम्ही यंत्राला विचारलं, जुन्या कॉम्प्युटरवरून कोणी येतं का. ते म्हणालं, कोणी नाही. पण जुन्यावर ते यंत्रच चालत नव्हतं. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही आणि आम्ही समजलो की ती माणसंच नाहीत."

वेनेताने पावाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे कबरस्तानात जाऊन म्हणायचं, मेलेल्यांनी हात वर करा. एकही हात नाही. चला, सगळे जिवंत."

मेतोदीने टोपी काढली. बाकाचा आधार घेत तो उभा राहिला. "मला क्षमा कर, वेनेता."

"देव क्षमा करो," ती म्हणाली. "आज दुसरं काही म्हणता येत नाही, म्हणून म्हणते." मग तिचा आवाज फाटला. "रोज रात्री त्याच्या फोटोसमोर बसून तुला शिव्या घातल्या मी. कालपर्यंत तो इथे होता, घरात, ऐकत होता. आता वर गेला. तू आला नाहीस असंच धरून गेला. आता त्याला जाऊन कोण सांगणार, पान पांढरं होतं म्हणून?"

मेतोदीने डबा पुढे केला. तिने तो घ्यायचा की नाही याचा विचार केला.

"शेंगदाण्याचा त्याला चालत नसे."

"ठाऊक आहे. अक्रोडाचा आणलाय. दोन दुकानं फिरलो."

वेनेताने डबा घेतला, छातीशी धरला आणि दार ढकलून आत गेली. त्यांना वर बोलावलं नाही. काचेच्या दाराआड तिचा काळा रुमाल जिना चढत गेला आणि दिसेनासा झाला.

गावी परत जाताना मेतोदीने यावोरला गाडी कबरस्तानाकडे घ्यायला लावली. मातीचा ढीग अजून खचला नव्हता. तो लाकडी क्रूसापाशी वाकला, त्यावर हात ठेवला, आणि भट्टीवर बसून बोलावं तशा आवाजात म्हणाला, "तूच मोठा. आलो मी." थोडा वेळ तो तसाच वाकून राहिला, उत्तर ऐकायचं असल्यासारखा. मग यावोरने त्याचा दंड धरला.

गावात पोचल्यावर उतरताना मेतोदी म्हणाला, "आणि आजारी काय आजारी? तुला वाटलं, मी मुद्दाम आलो नाही?"

"हो, तात्को."

"हं," म्हातारा म्हणाला. बस, तेवढंच.

सोमवारी यावोरने ऑफिसात पावाचा डबा बाजूला केला आणि जुना कॉम्प्युटर सुरू केला. तो घरघरत, थांबत, खूप वेळाने जागा झाला. पान उघडलं. वर 'आपल्याला सोडून गेलेले'. खाली बर्फ.

दिल्याना मागे येऊन उभी राहिली. यावोरने तिला सगळं सांगितलं.

"किती जण असतील असे?"

"माहीत नाही. कळणारही नाही."

"पण काहीच दिसत नाही म्हटल्यावर कोणीतरी बोंबललं असतं ना! फोन केला असता!"

"निधनाची यादी रिकामी दिसते म्हणून कोण बोंबलेल, दिल्याना?"

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. दिवसभर दोघांनी काम केलं. उमलणारे फोटो काढून टाकले, मेणबत्त्या काढल्या, शोधायची पेटी काढली. यादी पूर्वीसारखी तयार होऊनच पानाबरोबर येऊ लागली: फोटो, नाव, चार ओळी, मग पुढचा. चौकटीचे कोपरे टोकदार राहिले. जुन्या कॉम्प्युटरवर ब्लागोय थोडा लांबोडका दिसत होता, पण दिसत होता. संध्याकाळी यावोरने नवं पान चढवलं आणि पहिल्यांदाच छातीवरचं ओझं थोडं उतरल्यासारखं वाटून घरी गेला. पुढच्या सकाळचा विचार त्याच्या मनात आला नाही. दिल्यानाच्याही नाही.

सकाळी तो दाढी करत असताना फोन आला.

"काय केलंस रे तू?" मेतोदी म्हणाला.

"नीट केलं, तात्को. दिसतंय ना आता?"

"दिसतंय. सगळ्यांनाच दिसतंय."

फोनमधून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं, आणि लांबून कोणी बाई मोठ्याने काही म्हणत होती. यावोरने वस्तरा ठेवला.

"सगळ्यांना म्हणजे?"

"अरे, गावात नवा कॉम्प्युटर कोणाकडे आहे? सगळ्यांकडे पोरांनी टाकून दिलेलेच. कॉफी चढवली, पान उघडलं, तर एकाखाली एक, एकाखाली एक. संपतच नाहीत. गेना मास्तरीण चपला घालून कोटाशिवाय बर्फात उभी आहे. तिच्याबरोबर शिकवणारी, ती लोम शहरातली, पोस्टकार्डं पाठवायची ती, गेली. इलियाचा सैन्यातला दोस्त गेला. सावाचे दोघे जुने सोबती गेले. दूधवाला पेन्को गेला, तो तर मला नाताळात भेटला होता." त्याने दम घेतला. "सख्ख्यांचे फोन येतात रे. बाकीच्यांचे कोण करतं? ते यादीतच कळायचे."

"तात्को..."

"आणि मी मूर्ख सगळ्यांना सांगत फिरत होतो, यंदा कोणी मरत नाही. लोक खूश होते. शनिवारी दुकानात आम्ही त्यावर एकेक पेला घेतला." तो थांबला. "आता माझ्या दाराशी येऊन विचारतायत, मेतोदी, हे खरं आहे का, की तुझ्या मुलाने पुन्हा काही बिघडवलंय? काय सांगू त्यांना?"

आरशात साबणाने अर्धा भरलेला चेहरा होता. यावोरने तो टॉवेलने पुसला.

"खरं आहे म्हणून सांगा," तो म्हणाला. "मी येतो."

"ये," मेतोदी म्हणाला. "आणि येताना मेणबत्त्या घेऊन ये. इथल्या दुकानातल्या संपल्या."